सरदाराचे हात

त्यांच्या घरात मूल बोलायला लागायच्या आधी त्याला उभं राहायला शिकवत. आता सगळ्याच घरांत मुलं आधी उभी राहतात आणि मग बोलतात, हे खरं. पण या घरात नुसतं उभं राहून भागत नसे. डावा पाय जरा पुढे, सगळा भार मागच्या पायावर, उजवा खांदा सैल, आणि उजव्या हाताचा अंगठा छातीवरच्या पट्ट्याखाली. पट्टा नसला तर अंगठा शर्टाच्या दोन बटणांमध्ये खुपसायचा, पण उभं असंच राहायचं. याला घरात 'सरदारी उभं राहणं' म्हणत. लग्नातला फोटो असो की शाळेतला, घोळक्यात आपली माणसं कुठली हे घरातली म्हातारी आत्या एका नजरेत सांगायची. बाकीचे नुसते उभे असत.

हे उभं राहणं आलं होतं एका चित्रातून. घरचा धंदा सामान हलवण्याचा. तीन ट्रक, डझनभर हमाल, आणि गोदामाच्या पुढच्या अंगाला एका खोलीची कचेरी. त्या खोलीत आत्याच्या खुर्चीमागे, जुन्या बुटक्या कपाटामागे, ते भलंथोरलं तैलचित्र टांगलेलं होतं. मखमली कोट, गळ्याशी जाळीदार कापड, छातीवरून आडवा गेलेला रुंद रेशमी पट्टा, डावा हात तलवारीच्या मुठीवर. चेहरा उभट, गालफडं वर आलेली, आणि डोळ्यांत 'बघून घेतो' असा भाव. कपाटामुळे गुडघ्याखालचा भाग झाकला जायचा, पण तेवढ्याने सरदाराचं काही बिघडत नव्हतं. दोन्ही करंगळ्या आतल्या बाजूला चांगल्या वाकलेल्या होत्या. तशाच करंगळ्या आत्याच्या होत्या, तशाच तिच्या भाचीच्या. घरात कुणाचं मूल जन्मलं की आधी करंगळी बघायचे, नाक-डोळे मागाहून.

हे चित्रातले म्हणजे आत्याचे पणजोबा. घरात त्यांना 'थोरले' म्हणत. थोरले मोठे सरदार होते, पदरी घोडे होते, एका मित्राला जामीन राहिले आणि सगळं घालवून बसले. घोडे किती होते ते सांगणाऱ्यावर अवलंबून असे. भाचीच्या लहानपणी ते बारा होते. तिचा वकील चुलतभाऊ सांगायला लागला तेव्हापासून चाळीस झाले आणि त्यांना तबेलाही मिळाला. सगळं गेल्यावर उरलंसुरलं सामान एका हातगाडीवर घालून थोरले शहरात आले आणि त्याच हातगाडीवर धंदा सुरू झाला. आयुष्यभर घोड्यावर बसलेल्या माणसाला हातगाडी कशी काय ओढता आली, हे पिढ्यान् पिढ्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही. स्वतः थोरल्यांचं म्हणून एकच वाक्य घरात शिल्लक होतं. नातवंडांनी चित्राकडे बोट दाखवून हे कोण म्हणून विचारलं की ते म्हणायचे, "मीच तो." पुढे काही नाही, मागे काही नाही.

भाचीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं. आत्याने पाळण्यातच तिला 'दांडगी' म्हटलं, आणि पुढे तिने त्या नावाला बट्टा लावला नाही. आता ती मोठा ट्रक चालवायची, कपाटाची खालची बाजू धरायची, आणि जिन्याच्या वळणावर बारा माणसांना हुकूम सोडायची. तिला ट्रकवर चढू द्यायला सगळं घर विरोधात होतं. एकटी आत्या मधे उभी राहिली. ती म्हणाली, "चढेल. ज्याला बघवत नसेल त्याने डोळे मिटावेत." आत्याच्या पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

आत्याने तेव्हा असं का केलं, ते दांडगीला एका म्हाताऱ्या हमालाने फार पुढे सांगितलं. तरुणपणी आत्या भावांपेक्षा जास्त उचलायची. ओझं उचलायचा पट्टा खांद्यावर घेऊन एकटीने पेटारा चौथ्या मजल्यावर न्यायची. तिच्या बापाने ते पाहिलं आणि पट्टा काढून घेतला. "सरदारांच्या मुली ओझी वाहत नाहीत," म्हणाला. मुलांनी वाहिली तर चालत होती, कारण दिवस फिरले होते; मुलींच्या बाबतीत दिवस अजून फिरायचे होते. त्याने आत्याला कचेरीतल्या खुर्चीवर बसवलं, समोर टेलिफोन ठेवला, आणि पाठीशी चित्र टांगलं. त्या खुर्चीवर तिचे केस पिकले. तिच्या हातून जे गेलं त्याच्या बदल्यात तिला काय मिळालं म्हणाल तर ते चित्र मिळालं. म्हणून ती त्याची चौकट स्वतःच्या हातांनी पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आणि धंद्यात कुणी गिऱ्हाइकाशी लबाडी केली, कुणाचा आरसा फोडून हात झटकले, की चित्राकडे बोट करून एवढंच म्हणायची, "त्यांना तोंड दाखव." माणूस घामाघूम व्हायचा.

तर अशी ही सरदारी. ती सुखाने भिंतीवर टांगलेली असताना वकिलाला अवदसा आठवली.

वकील आपल्या कार्डावर 'सरदार घराणे' छापायचा. आता छापलंच आहे तर त्याला कुठेतरी शिक्का हवा. शहरातल्या संग्रहालयात एका जुन्या उमराव घराण्याचं नवं दालन उघडणार आहे, हे कळताच तो तिथे जाऊन धडकला. फोनमधला फोटो त्याने तिथल्या बाईंना दाखवला. चित्र काचेसारखं चमकतं म्हणून त्याने फक्त चेहरा आणि गळपट्टी टिपली होती. बाई चित्रांच्या जाणकार, आणि बोलायला मोकळ्या. त्यांनी चित्रकार ताबडतोब ओळखला. चित्रातला माणूस उमरावांचा कुणी भाऊबंद असावा असं त्यांना वाटलं, आणि चित्र दालनात लावायला त्या आनंदाने तयार झाल्या. उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका छापल्या. त्यांवर 'सरदार घराण्याच्या वंशजांच्या उपस्थितीत' असं आलं. आत्याने पत्रिका डोळ्यांना चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून पुन्हा वाचली.

"चित्र आपली माणसं नेतील," एवढी एकच अट तिने घातली. "परक्याच्या हातात मी थोरल्यांना देणार नाही."

सामान हलवणाऱ्यांची एक रीत असते. वस्तू उचलायच्या आधी ती जिथे जाणार ती जागा बघून यायची. दारं मोजायची, जिना मोजायचा, वळणावर किती जागा सुटते ते हाताने अजमावायचं. कितीही ओळखीचं घर असो, न बघता गेलेला माणूस जिन्यात अडकतो. त्या रीतीप्रमाणे दांडगी मोजपट्टी घेऊन संग्रहालयात गेली. पुढचं दार रुंद होतं, जिना दगडी, मधे एक मोठा चौथरा, तिथे दम घ्यायला जागा. वरच्या दालनात रंगाचा ताजा वास येत होता. बाई शिडीपाशी उभ्या राहून कुणाला तरी दिव्याचा कोन समजावत होत्या. दांडगीने दाराची रुंदी घेतली, मान वर केली, आणि मोजपट्टी हातातून सुटून सर्रकन आपल्या डबीत परत गेली.

समोर भिंतीवर थोरले उभे होते. तोच मखमली कोट, तोच पट्टा, तीच तलवार. डावा पाय पुढे, भार मागच्या पायावर. अंगठा पट्ट्याखाली. फक्त मान थोरल्यांची नव्हती. त्या कोटाच्या वर एक गोल, गुबगुबीत, गुलाबी चेहरा बसवलेला होता. त्याला दोन हनुवट्या होत्या, आणि जेवण आत्ताच झालं असावं अशी तृप्ती.

"हे उमराव," बाई जवळ येत म्हणाल्या. "आमच्या दालनाचे यजमान. छान आहेत ना?"

दांडगी चित्राच्या इतकी जवळ गेली की पहारेकरी खाकरला. मग तिने आपला उजवा हात वर करून चित्रातल्या हाताशेजारी धरला. दोन्ही करंगळ्या एकाच ठिकाणी, एकाच बाजूला वाकल्या होत्या.

बाईंनी एकदा हा हात पाहिला, एकदा तो. "तुमच्याकडच्या चित्रात हात कसे आहेत?" त्यांनी हळूच विचारलं. दांडगीने फोन काढला. कचेरीतल्या एका फोटोत आत्यामागे जवळजवळ पूर्ण चित्र आलं होतं. बाई ते मोठं करून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतःही बसल्या.

"त्या काळी बड्या लोकांना तासन् तास उभं राहायचा कंटाळा असायचा," त्या म्हणाल्या. "कपडे, तलवार, सगळं चित्रकाराकडे पाठवून द्यायचे. चित्रकार कुणाला तरी ते कपडे घालून उभं करायचा. अंग, हात, पाय सगळं त्या माणसावरून काढायचा. उमराव यायचे ते शेवटी, चेहऱ्यापुरते. आता तुमच्याकडचं चित्र. मला वाटतं तो आधीचा कच्चा प्रयत्न असावा. त्यावर चित्रकाराने समोरच्या माणसाचाच चेहरा काढला आणि चित्र त्यालाच देऊन टाकलं. लिहिलेला पुरावा माझ्याकडे नाही. पण हात एकाच माणसाचे आहेत, हे मी कुठेही सांगेन."

"म्हणजे उभा राहिलेला माणूस कोण असायचा?"

"कुणीही. ज्याला न हलता उभं राहणं जमेल तो. असं राहणं सोपं नसतं. हे असं उभं राहणं तर मी दुसऱ्या कुठल्याच चित्रात पाहिलेलं नाही. उमराव लोक पट्ट्याखाली अंगठा घालत नाहीत. रेशमाला सुरकुत्या पडतात."

दांडगीने डोळे मिटले. तिला दिसला तो रोजचा जिना. कपाट पाठीवर, पट्टा खांद्यावरून छातीवर करकचलेला. अर्ध्या वाटेत चौथरा येतो, पुढचा माणूस 'दम' म्हणून ओरडतो, आणि सगळे थांबतात. ओझं खाली ठेवायचं नसतं, कारण पुन्हा उचलायला दुप्पट जोर लागतो. मग डावा पाय पुढे जातो, भार मागच्या पायावर येतो, आणि अंगठा पट्ट्याखाली सरकतो, म्हणजे छातीला श्वास घ्यायला जागा मिळते. ओझ्याखाली असं उभं राहायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच कपाटाखाली अंगाला आपोआप कळलं होतं. आपण सरदारी उभे आहोत म्हणून तिला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

"हमाल," ती म्हणाली. "ते हमाल होते, बाई. पहिल्यापासून."

तिला रडू आलं नाही. उलट छातीत काहीतरी मोठं होत गेलं, आणि त्याचं नाव तिला लवकर सापडेना. मग आत्या आठवली, आणि ते शोधायचंही राहून गेलं.

बाईंनी आपली बाजू सरळ मांडली. खोटी पाटी त्या लावणार नव्हत्या. चित्र लावायचं तर दोन्ही शेजारी शेजारी आणि खरं काय ते लिहून. "तुमची इच्छा नसेल तर चित्र आणू नका, मी कुणाला काही बोलणार नाही. निर्णय तुमच्या घरचा," त्या म्हणाल्या.

घरचा म्हणजे आधी वकिलाचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, गळ्यातला टाय सैल केला आणि खाली बसला. पण वकील तो वकील. पाच मिनिटांत उठून उभा.

"चित्राला वाळवी लागली म्हणून सांगू," तो म्हणाला. "समारंभ होऊ दे, चित्र राहू दे घरी. आत्याला कळायला नको."

"आणि नंतर ती दालन बघायला गेली तर? ती जाणारच."

"त्या उमरावाच्या समोर आपण झाड ठेवायला सांगू. कुंडी."

"दादा, कुंडी?"

वकिलाचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता, नुसता छापील होता. "दांडगे, तू ऐक माझं," तो खाली मान घालून म्हणाला. "तिच्या बापाने तिच्या खांद्यावरचा पट्टा काढला तो या चित्राच्या नावावर. आता तू तिला जाऊन सांगणार, की ज्यासाठी तुझा जन्म खुर्चीवर गेला ते खरंच नव्हतं? मग तिच्याकडे राहिलं काय?"

हाच प्रश्न दांडगीलाही पडला होता. दोन दिवस ती आत्यासमोर मान वर करू शकली नाही. चुकीच्या गल्लीत ट्रक घातला, गिऱ्हाइकाचा सोफा दुसऱ्याच्या घरी उतरवला. तिसऱ्या दिवशी आत्याने टेलिफोन खाली ठेवला आणि विचारलं, "काय फोडलंस?"

"काही नाही."

"मग त्यांना तोंड दाखव."

दांडगीने चित्राकडे पाहिलं. थोरले तिच्याकडे बघत होते, अंगठा पट्ट्याखाली. मधल्या चौथऱ्यावर दम घेत असलेला माणूस जसा बघतो तसेच. आणि तिला कळलं की या माणसाने कुणाला फसवलेलं नाही. लेकरांनी विचारलं, त्याने सांगितलं, मीच तो. बाकीचे घोडे आपण बांधले.

"आत्या, चल," ती म्हणाली. "तुला जागा दाखवते. जिना बघून घे."

आत्या ट्रकमध्ये पुढे बसली. ट्रकमध्ये बसली की ती दहा वर्षांनी लहान दिसायची आणि वाटेतल्या प्रत्येक गाडीवाल्याला काही ना काही ऐकवायची. संग्रहालयाचा जिना तिने न थांबता चढला, चौथऱ्यावर हात फिरवून "जागा आहे" म्हणाली, आणि दालनात शिरली. बाई पुढे आल्या. "या आजी," असं म्हणाल्या आणि आत्याच्या एका नजरेत "या" एवढ्यावर आल्या.

आत्या उमरावासमोर उभी राहिली.

"हा कोण लठ्ठ?" तिने विचारलं. "आणि आमच्या थोरल्यांचे कपडे घालून काय करतोय?"

मग तिची नजर खाली उतरली. कोटावरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून अंगठ्यावर, आणि करंगळीपाशी येऊन थांबली. तिने आपला हात पदराआडून काढला, पाहिला, आणि पुन्हा आत घेतला. दांडगीने मग सगळं सांगितलं. एकही घोडा न ठेवता सांगितलं. आत्या चित्राकडे तोंड करूनच ऐकत होती, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते दांडगीला दिसलं नाही. तिला तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती पाठ इतकी वर्षं खुर्चीला टेकून राहिल्याने थोडी वाकली होती.

मग आत्याने बाईंना विचारलं, "हे किती वेळ उभे राहिले असतील?"

"रोज सकाळपासून उजेड असेपर्यंत. महिना-दीड महिना तरी."

"आणि हा?"

"चेहऱ्यापुरते आले असतील. दोन-तीन बैठका."

"बैठका," आत्या म्हणाली. "म्हणजे बसून."

ती बाकावर येऊन बसली. दांडगी तिच्यापाशी जमिनीवरच बसली.

"मी पंधरा वर्षांची होते," आत्या म्हणाली. "पट्टा खांद्यावर आला की मला वाटायचं, मी जगात कुणाच्या बापाला भीत नाही. आणि माझ्याच बापाने तो काढून घेतला. मी रडले नाही. सरदारांच्या मुली रडत नाहीत म्हणून सांगितलं होतं ना. मग मी विचार केला, ठीक आहे, आपण उचलायचं नाही, पण ज्यांच्यामुळे उचलायचं नाही त्यांना तरी शोभून राहायचं. सगळा जन्म शोभून राहिले." ती थांबली. "आणि ते स्वतः उचलत होते."

"आत्या, मी सांगायला नको होतं का?"

"गप्प बस. माझा राग तुझ्यावर नाही. माझा राग माझ्या बापावर आहे, आणि तो मेलाय, म्हणजे तो राग आता मलाच सांभाळायचा." तिने पदराने डोळे पुसले, अजिबात न लपवता. मग पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि हळूहळू तिची मान वर झाली. "पण हे बघ. आपण लहानपणापासून ऐकत आलो की आपण वरून खाली आलो. दिवस फिरले, घसरलो, म्हणून ओझी वाहतो. माझे भाऊ पेटी उचलताना लाजायचे. आणि खरं काय, तर आपण कधी घसरलोच नाही. जिथे होतो तिथे पाय रोवून उभे होतो. शहरातली माणसं इथे येऊन या लठ्ठाला मान देतात, आणि तो उभा आहे आमच्या पायांवर."

मग ती बाईंकडे वळली. "पाटीवर काय लिहिणार?"

"तुम्ही सांगाल तसं, खरं असेल तर."

"हमाल लिहा. त्यांनी उमरावांचे कपडे घालून उभं राहायचं काम केलं, नीट केलं, असं लिहा. आणि दोघांना शेजारी लावा. एका उंचीवर."

वकिलाला हे कळलं तेव्हा तो आधी पत्रिकांची आठवण काढून कण्हला. आत्या म्हणाली, "वंशजांच्या उपस्थितीत असं छापलंय ना? वंशज उपस्थित राहतील. तू तुझं कार्ड बदल." पुढे त्यावर चर्चा झाली नाही.

चित्र न्यायच्या दिवशी सकाळी कचेरीसमोर ट्रक लागला. कपाट बाजूला ओढलं, आणि थोरल्यांचे गुडघ्याखालचे पाय खूप वर्षांनी उजेडात आले. मखमली कोटाच्या खाली, नाजूक सरदारी बुटांच्या जागी, जाड तळाचे साधे बूट होते. चित्रकाराने उमरावाचे बूट काही मिळवले नव्हते, किंवा ते थोरल्यांच्या पायात शिरले नव्हते. हमाल एकमेकांकडे बघून हसले, आणि मग कुणी काही न सांगता सगळे जरा ताठ झाले.

संग्रहालयाच्या पायऱ्यांपाशी बरीच माणसं जमली होती. चित्र उतरवलं, कापडात गुंडाळलं होतं ते सोडलं. दांडगीने आपला पट्टा खांद्यावर घेतला आणि दुसरा जाड्याकडे फेकला. जाड्या तिचा सगळ्यात तगडा हमाल. पण पट्टा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. आत्याने तो मधेच झेलला.

"आत्या, तू वरची बाजू धर," दांडगी पटकन म्हणाली. जिन्यात वरच्या माणसाकडे भार कमी येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

"मला शिकवतेस? खालची बाजू माझी."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. दांडगी वर गेली, पट्टा चौकटीखालून घेतला, आणि गुपचूप आपल्या बाजूने आखडला, म्हणजे वजन आपल्याकडे यावं. जाड्या आत्याच्या मागे हात पसरून उभा राहिला. दोन पायऱ्या झाल्या आणि खालून आवाज आला.

"पट्टा सैल सोड, दांडगे. माझं ओझं चोरू नकोस."

दांडगीने पट्टा सैल सोडला. वजन खाली गेलं, आणि खालून एक हुंकार आला, वेदनेचा आणि आणखी कशाचातरी. एक पायरी, मग पुढची. वकील वर दार धरून उभा होता. चौथरा आला तशी आत्या ओरडली, "दम." पन्नासेक वर्षांत तिने तो शब्द जिन्यात उच्चारला नव्हता, पण तो असा खणखणीत आला की रस्त्यावरची माणसंही थांबली.

चित्र त्यांनी खाली ठेवलं नाही. आत्याचा चेहरा लाल झाला होता, पिकलेले केस कपाळाला चिकटले होते. तिचा डावा पाय आपोआप पुढे गेला. भार मागच्या पायावर आला. उजवा खांदा सैल झाला, आणि अंगठा पट्ट्याखाली सरकला. वाकडी करंगळी बाहेर राहिली. तिच्या मागे चौकटीत थोरले तसेच उभे होते, अंगठा पट्ट्याखाली घेऊन. जमलेली माणसं आधी चित्राकडे बघत होती, मग तिच्याकडे बघू लागली, आणि कुजबुज बंद झाली. दार धरलेल्या वकिलाने न कळत आपला अंगठा शर्टाच्या दोन बटणांमध्ये खुपसला.

बाई वरून काळजीने म्हणाल्या, "थोडं खाली ठेवता का?"

"नको," आत्या म्हणाली. "मी उभी आहे."